अक्षर ओळखायचं नाही

“दादा, तुमच्या प्रार्थनावहीत वहिनींचं नाव कितव्या पानावर आहे?”

प्रश्न सुटला आणि अख्खा हॉल खिदळला. कारण विचारणारी होती दादांची सख्खी मुलगी, आणि वहिनी म्हणजे तिचीच आई. पण तरुण संघात नियम सगळ्यांना सारखा. दर शनिवारी चार वाजता चर्चच्या मागच्या हॉलचं दार उघडलं की साठ मुलामुलींचे ते ‘दादा’, आणि मग पोटच्या पोरीनेही ‘पप्पा’ म्हणायचं नाही. घरचं माणूस म्हणून कोणाला झुकतं माप नको, हे पप्पांनीच ठरवलेलं.

पैज काडीची होती. काडी म्हणजे तिची जिवलग मैत्रीण, अंगाने किडकिडीत आणि डोक्याने थेट काडेपेटीतली. “विचारून दाखव,” ती म्हणाली होती, “दादा लाजून लाल झाले तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते.” दुसरी मैत्रीण चष्मिश लगेच पंच झाली. आणि भोंग्याला कोणी पैज लावावी आणि तिने शेपूट घालावी, असं गेल्या वर्षभरात एकदाही झालं नव्हतं.

भोंगा हे नाव तिला संघानेच ठेवलं. त्याआधी ती मिठाची गुळणी धरून शेवटच्या बाकावर बसणारी. मग एका रविवारी उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी तिच्यावर आली, दुसऱ्याच ओळीला माईक मेला, आणि कुठून बळ आलं कोण जाणे, तिने पोटातून असा आवाज काढला की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या बहिऱ्या आजोबांनीही मान डोलावली. तेव्हा जी जीभ सुटली ती सुटलीच. आता येत्या शुक्रवारी शिबीर सुरू होणार होतं, आणि शेवटच्या दिवसाची साक्ष तिची होती. सगळ्यांसमोर उभं राहून, प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. इतक्या वर्षांत एका मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आरशासमोर सराव करून करून तिला स्वतःचे हातवारेही पाठ झाले होते.

पप्पा काही लाल झाले नाहीत. साठ पोरांच्या टोमण्यांत मुरलेला माणूस तो.

“वहिनींचं नाव वहीत मावत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. “ते इथे आहे.”

शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर थापा. “नाही चालणार!” काडी ओरडली. “पान नंबर सांगा, पान नंबर!”

“बरं बाई. घे, तूच शोध,” म्हणत पप्पांनी वही सरळ मुलीच्या हातात दिली. “पुढचीच पानं हं. मागची उघडायची नाहीत.”

त्या वहीची गोष्ट संघात सगळ्यांना ठाऊक होती. पुढच्या अर्ध्या भागात एकेका मुलाचं एकेक पान: वाढदिवस, परीक्षा, घरची अडचण, आणि प्रार्थना ऐकली गेली की समोर बरोबरची खूण. मागच्या अर्ध्यात चिठ्ठ्या. हॉलच्या दाराशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, झाकणाला फट पाडलेला. ज्याला तोंडाने सांगता येत नाही त्याने चिठ्ठी लिहायची, नाव घालायचं नाही, डब्यात टाकायची. चर्चच्या मंडळीतली मोठी माणसंही जाता येता टाकत. पप्पा त्या वाचून दाखवत, वहीत चिकटवत आणि दर शनिवारी त्यावर प्रार्थना घेत. आणि चिठ्ठ्या काढण्याआधी न चुकता एक वाक्य म्हणत: “डब्यात हात घातला की अक्षर ओळखायचं नाही. ना मी, ना तुम्ही.” या एका वाक्याच्या भरवशावर मुलांनी त्या डब्यात काय काय टाकलं होतं! चोऱ्या, मार, घरातून पळून जायचे बेत. काडीच्या भावाची दारू त्याच डब्यातून बाहेर आली, नंतर तो स्वतःच कबूल झाला आणि पप्पांनी वर्षभर त्याची पाठ सोडली नाही म्हणून सुटली. दिवसा पप्पा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढणं हे पोटापाण्याचं काम आणि बाकीच्या अडकलेल्यांना बाहेर काढणं हे प्रभूचं, असं ते म्हणायचे, आणि दोन्हींसाठी फोन कधीही वाजायचा.

तिने पानं उलटली. काडी, चष्मिश, सगळे होते. एक्केचाळिसाव्या पानावर ती स्वतः: वाढदिवस, दहावीचा बैठक क्रमांक, आणि खाली पप्पांच्या निळ्या अक्षरात ‘आवाज मिळाला. प्रभूची स्तुती असो.’ साठ पानं संपली. आई नव्हती. असणार तरी कशी, आई काही तरुण संघात नव्हती. “नाही सापडलं!” असं नाटकी ओरडायला तिने तोंड उघडलं आणि वही मिटायला गेली, तर खळीने फुगलेली ती वही मिटेचना, मागच्या बाजूला आपोआप उघडली.

जांभळी शाई.

तिने ती शाई शंभर घरांच्या कपड्यांवर पाहिली असती तरी ओळखली असती. आई ज्या लाँड्रीत होती तिथे कपड्यांवर खुणा घालायची ती शाई, शंभर वेळा धुतली तरी न जाणारी. घरचे कपडेही आई तिथेच गठ्ठ्यात टाकायची, म्हणून तिच्या शाळेच्या गणवेशाच्या कॉलरच्या आत, पप्पांच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरच्या आत, सगळीकडे ती जांभळी खूण आणि ते आईचं अक्षर. दिवसाला तीनशे कपड्यांवर लिहायचं तर डोक्यावरची रेघ कुठे ओढत बसणार? आईची अक्षरं उघड्या डोक्याची असत. चिठ्ठीतही तशीच होती:

‘एका बहिणीसाठी प्रार्थना करावी. उजव्या छातीत गाठ लागली आहे. डॉक्टर म्हणतात आठ दिवसांत मोठ्या दवाखान्यात जा. घरी सांगायला अजून वेळ सापडला नाही.’

खाली पप्पांच्या निळ्या अक्षरात तारखा. एकाखाली एक, सतरा शनिवार. एकही चुकलेला नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘प्रार्थना चालू.’

“काय गं, सापडलं का?” पप्पांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. कधी नव्हे ते तिला दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही.

“बघा! म्हटलं ना मी!” हॉल पुन्हा हसला. काडीने तिला कोपराने ढोसलं, “हरलीस, दप्तर तू उचल.” मग पप्पांनी वही घेतली, सगळे डोळे मिटले, आणि पप्पा म्हणाले, “आणि आपली ती बहीण, जिच्या गाठीसाठी आपण चार महिने प्रभूचं दार ठोठावतोय, तिची आठवण ठेवू या.” साठ मुंड्या खाली गेल्या. भोंग्याला तेव्हा आठवलं की त्या बहिणीसाठी एका शनिवारी मोठ्याने प्रार्थना करायची पाळी तिची स्वतःची होती. तिने इतकी सुंदर केली होती की चष्मिशला रडू आलं होतं. घरी जाऊन तिने आईला अभिमानाने सांगितलंही होतं. आई भांडी विसळत होती. “छान,” म्हणाली होती.

रविवार तिने कसाबसा ढकलला. सोमवारी शाळा सुटली तशी ती लाँड्रीत गेली. दारातच वाफ तोंडावर आली. मागच्या बाजूला यंत्रांची घरघर, पुढे इस्त्रीची चार टेबलं, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी आई. ती दारात उभी राहून बघत बसली. चादर पसरून आई इस्त्री फिरवत होती. डाव्या हाताने. उजवा हात पोटाशी धरलेला, जणू कोणाचा तरी सांभाळायला दिलेला आहे.

कधीपासून? तिने आठवून पाहिलं. घरीही आई हल्ली डाव्या हातानेच वाढायची. ती रोज समोर बसून जेवत होती, शिबिराच्या गप्पा मारत. तिलाही दिसलं नव्हतं.

“तू इथे कशी? शाळेत काय झालं?” आईने इस्त्री उभी ठेवली.

“आई, वहीत तुझी चिठ्ठी बघितली मी.”

आईने आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या टेबलावरची बाई गाणं गुणगुणत होती. काउंटरवर मालकीणबाई पावत्या लावत होत्या. आईने तिला दंडाला धरून धुतलेल्या गठ्ठ्यांमागे नेलं.

“कोणाला बोललीस?”

“नाही. पण तू का नाही बोललीस? चार महिने! आठ दिवसांत जा म्हटलेलं आणि तू—”

“हळू. भोंगा आहेस ते माहितीये मला.” आई हसली, पण हसू ओठांतच राहिलं. “बोलले नाही असं नाही. पहिल्यांदा सांगायला बसले तर फोन वाजला, कोणाचा तरी पोरगा घरातून पळाला होता. दुसऱ्यांदा अर्धं वाक्य झालं आणि बघते तर तुझे पप्पा बसल्या जागी झोपलेले. चोवीस तास जागा होता माणूस, कोणा पोरीच्या उशाशी दवाखान्यात. उठवू कशी? तिसऱ्यांदा…” तिने हात झटकला. “तिसऱ्यांदा मीच म्हटलं, जाऊ दे.”

“म्हणून डब्यात टाकलीस?”

“म्हटलं, अक्षर ओळखतील. लग्नाला अठरा वर्षं झाली गं. घरी येतील आणि म्हणतील, काय हे?” आई एका उशीच्या अभ्र्याची घडी उगाचच पुन्हा घालत होती. “पहिला शनिवार गेला. मग म्हटलं, पुढच्या शनिवारी. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, बघू या तरी किती शनिवार लागतात.”

“आणि दवाखाना?”

“तारीख घेतली होती. दोनदा. गाठीचा तुकडा काढून तपासणार, त्या कागदावर घरच्या किंवा ओळखीच्या मोठ्या माणसाची सही लागते, नंतर सोबत थांबावं लागतं. दोन्ही वेळा संघाचं काहीतरी निघालं. आता शुक्रवारी आहे, दहा वाजता.”

“शुक्रवारी तर शिबीर!”

“हो ना,” आई म्हणाली, जणू पाऊसपाण्याचं बोलतेय. “पुढची देतात ते. आणि हे बघ, पप्पांना एक शब्द सांगायचा नाही. शिबीर होऊ दे. तुझी साक्ष होऊ दे. शपथ घ्यायची नाही आपल्यात, पण शब्द दे.”

तिने शब्द दिला. बाहेर पडल्यावर पहिल्यांदा वाटलं की वर्षभरात मिळवलेला सगळा आवाज तिथे गठ्ठ्यामागेच राहिला.

मंगळवारी जेवताना तिने मोजलं. पप्पा वीस मिनिटं ताटावर होते, त्यात फोन चार वेळा. बसवाला, स्वयंपाकी, पाळकसाहेब, आणि एक मुलगा ज्याला त्याचा बाप शिबिराला सोडत नव्हता. त्या मुलाशी पप्पा इतक्या मायेने बोलले की तिला त्या मुलाचा हेवा वाटला. आई डाव्या हाताने वाढत होती. पप्पा म्हणाले, “थोडंच वाढ,” आणि ताटाकडेच बघत राहिले. ती टेबलाखाली स्वतःचं बोट पिळत बसली. शब्द दिला होता. सांगायचं नाही.

पण लिहायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

हा विचार आला आणि ती अक्षरशः अंथरुणात उठून बसली. वा रे भोंगा! असलं डोकं काडीचंही चाललं नसतं. बुधवारी संध्याकाळी शिबिराआधीची शेवटची प्रार्थनासभा होती. डबा तिथे असणारच. पप्पा वाचणार, चमकणार, सगळं टाकून घरी धावणार. तिला ते चित्र स्पष्ट दिसलं: पप्पा हॉलच्या पायऱ्या दोन दोन करत उतरताहेत. पुढे काय, ते चित्रात नव्हतं.

बुधवारी तिने डब्यात चिठ्ठी टाकली. आतल्या पत्र्यावर ती वाजल्याचंही तिला ऐकू आलं.

“डब्यात हात घातला की अक्षर ओळखायचं नाही,” पप्पा म्हणाले. पहिली चिठ्ठी कोणाच्या तरी आजीच्या डोळ्यांची. दुसरी शिबिरात पाऊस पडू नये म्हणून. त्यावर थोडं हसू. तिसरी उलगडून पप्पांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. ती सवयच, आधी नजर टाकून मग वाचणं नाही, सरळ वाचायचं, म्हणजे कोणाला वाटू नये की दादा काही गाळताहेत.

“‘गाठीचा आजार असलेली ती बहीण तुमच्याच घरात राहते. शर्टाची कॉलर उलटी करून बघा. तेच अक्षर…’”

वाक्य पुरं झालं तेव्हा आवाज खणखणीत राहिला नव्हता. कोणीतरी हसलं, चेष्टा असेल म्हणून, आणि मध्येच थांबलं. पप्पांचा हात आपोआप मानेमागे गेला. कॉलरच्या आतल्या बाजूवरून त्यांनी बोट फिरवलं. मग वही उघडली, मागून, आणि त्या पानाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं! खुर्च्यांचे पाय वाजायचे थांबले.

आता उठतील, तिने मनात म्हटलं. आता धावतील.

पप्पा गुडघ्यांवर आले.

“मुलांनो,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा ओला झाला होता, “प्रार्थना करू या.”

साठ मुलं गुडघ्यांवर आली. पप्पांनी प्रार्थना केली, मग मोठ्या मुलांनी एकेकाने, मग सगळ्यांनी मिळून. मुली हुंदके देत होत्या. काडीने तिला मिठी मारली, “अगं, तू बोलली का नाहीस?” आणि मिठीतूनच तिला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. साडेसहा. पावणेसात. सव्वासात. तो सगळा पाऊण तास घर फक्त दोन गल्ल्यांपलीकडे होतं. दाराशी कोणीतरी फोनवर कुजबुजत होतं, “हो मम्मी, वहिनींनाच… हो, कॅन्सर असेल बहुतेक…”

ती आणि पप्पा घरी पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत मंडळीतल्या पाच बाया. एकीने आईचा हात हातात धरला होता, उजवा, दुखरा. दुसरी म्हणत होती, “प्रभू परीक्षा घेतो त्याच्या लाडक्यांची.” तिसरी चहा करायला आत शिरली होती आणि साखरेचा डबा कुठे म्हणून ओरडत होती. मध्ये खुर्चीवर आई, भांडी पुसायचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली. तिने दाराकडे पाहिलं. पप्पांकडे नाही, लेकीकडे.

बाया गेल्या तेव्हा चहाचे सहा कप टेबलावर तसेच होते. पप्पा आईच्या समोर बसले. “अगं…” म्हणाले आणि समोरचा कप उगाच बाजूला सरकवला.

आई लेकीला म्हणाली, “शब्द दिला होतास.”

“आई, मी सांगितलं नाही, मी फक्त—”

“साठ पोरांना कळलं. मग त्यांच्या आयांना. मग त्या दारात आल्या तेव्हा मला कळलं, की सगळ्यांना कळलंय. समोरची म्हणते, बघू का हात लावून, किती मोठी आहे. हात लावून!” आईचा आवाज पहिल्यांदा फाटला. “तूसुद्धा हॉलमध्येच जाऊन बोललीस. बापाची लेक शोभतेस. या घरात स्वयंपाकघरात उभं राहून कोणालाच बोलता येत नाही का गं?”

तिला काल रात्रीचं आपलं ते चित्र आठवलं, पप्पा पायऱ्या उतरताहेत आणि साठ जण बघताहेत. साठ जण त्या चित्रात होतेच. तिनेच त्यांना तिथे उभं केलं होतं.

“मला एकदा तरी नीट सांगायचंस,” पप्पा म्हणाले.

“तीनदा,” आई म्हणाली. “आणि सतरा शनिवार लेखी.” तिने मांडीवरचं फडकं टेबलावर ठेवलं. “अहो, एक विचारू? खरं सांगा. अक्षर नाही ओळखलंत?”

टेबलावरचा फोन थरथरला, कोणीतरी संघातलं. पप्पांनी तो पालथा घातला.

“पहिल्या दिवशी वाटलं होतं,” ते म्हणाले.

आईने टेबलावरच्या फडक्याची घडी घातली.

“शाई बघून वाटलं. तिथेच वाटलं, चिठ्ठी हातात असताना. मग म्हटलं, नियम म्हणजे नियम. मीच ओळखायला लागलो तर पोरं टाकतील का चिठ्ठ्या? म्हटलं, तसली शाई दुसऱ्या कोणाकडेही असेल. तुझ्या लाँड्रीतली दुसरी कोणी असेल. आणि तू असतीस तर बोलली असतीस. मग पुढच्या शनिवारी तसं वाटलं नाही. मी वाटू दिलं नाही.”

आईने मान हलवली, हळूच, एखाद्या कपड्यावरचा डाग निघणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगताना हलवायची तशी. रडली नाही. उठून कप गोळा करायला लागली, डाव्या हाताने. पप्पांनी तो हात पाहिला. बहुतेक पहिल्यांदाच. “शुक्रवारी दहा वाजता गाठीची तपासणी आहे, सही लागते,” आई कपांकडे बघतच म्हणाली.

“शुक्रवारी दहाला ना,” ते एकदम उभे राहिले. “मी येणार. आठला बस निघते. पोरांना पोचवतो, उद्घाटनाची प्रार्थना घेतो, आणि तडक मागे फिरतो. साडेअकरा, फार तर बारा. दवाखान्यात सांगून ठेवू थोडं थांबायला. साठ पोरं आहेत गं, त्यांच्या आईबापांनी माझ्या भरवशावर—”

“हो,” आई म्हणाली. पाठमोरीच. “नाही तर राहू दे. पुढची तारीख देतात ते.”

फोन पालथा पडल्या पडल्या पुन्हा थरथरला. पप्पांचा हात तिकडे गेला, मध्येच थांबला.

भोंगा जागेवरून उठली. टेबलाशी आली, आईच्या हातातून कप घेतले आणि खाली ठेवले. आवाज चढवावा लागेल असं तिला वाटलं होतं, पण खोली इतकी लहान होती.

“मी शिबिराला येणार नाही, पप्पा,” ती म्हणाली. “साक्ष देणार नाही. दुसऱ्या कोणाला द्या, चष्मिश चांगलं बोलते. शुक्रवारी दहा वाजता मी आणि आई मोठ्या दवाखान्यात असणार. बारा नाही, दहा. माझी सही चालत नाही, मला अठरा पूर्ण नाहीत. म्हणून उद्या शाळेच्या आधी मी लाँड्रीच्या मालकीणबाईंकडे जाणार आहे, त्या सहीला येतील का विचारायला. आई, तू हो म्हणालीस तरच विचारणार. तुझ्यासमोर विचारणार, दुसऱ्या कोणासमोर नाही. पप्पा, तुम्ही येणार असाल तर शुक्रवारी नऊला या दारात उभे राहा. नसाल तर आत्ता सांगा, इथेच, म्हणजे आम्ही तुमची वाट बघणार नाही. पुढची तारीख आम्ही घेणार नाही.”